चाकूर उमटेना

१

नकाशातून चाकूर गायब झालं होतं.

एखादं गाव नव्हे, अख्खा तालुका. उदगीरला ईश्वरप्पांच्या छपाईच्या दुकानात टेबलावर मोठमोठे रंगीत कागद पसरले होते आणि सगळ्यांवर एकच नकाशा होता: मागणी असलेला नवा उदगीर जिल्हा. पूर्वेला देगलूर ठसठशीत, वर अहमदपूर ठसठशीत, मधलं उदगीर तर नवरदेवासारखं नटलेलं. पण डाव्या कडेला, जिथं चाकूर असायला हवं, तिथं रंग धुऊन काढल्यासारखा दिसत होता. हद्दीची रेघ तुटक, अक्षरं पुसट, मधे पांढरे डाग. आणि हे प्रत्येक कागदावर.

"बगा किशनराव," अमृतराव गुरुजींनी एक कागद माझ्या नाकासमोर धरला. "ह्याला काय म्हणायचं? खराबी का दगा?"

अमृतराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि नवीन जिल्हा मागणी समितीचे सचिव. संध्याकाळच्या गाडीनं त्यांचं शिष्टमंडळ मुंबईला निघणार होतं आणि हे नकाशे तिथं वाटायचे होते. चाकूरकरांत आधीच दोन तट, अर्ध्यांना लातूर सोडायचंच नव्हतं. असा नकाशा मुंबईत पोचला असता तर समितीनंच चाकूरवर पाणी सोडलं असं सगळे म्हणाले असते.

"खराबी," मी म्हणालो. "मशीनला तालुके कळत नाहीत."

"मशीनला न्हाई कळत. माणसाला कळतात की." गुरुजींनी मान कॉम्प्युटरकडं वळवली.

तिथं सिंधु बसली होती. दुकानातली ऑपरेटर, तिशीतली, कामाला चोख. रोज एसटीनं यायची आणि एसटीनं जायची. कुठून, तर चाकूरहून.

"किशनराव, दुपारपतूर सांगा," गल्ल्यावरून ईश्वरप्पा म्हणाले. ते दुकानाचे मालक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि तोंडावर हसू नाही. "मशीनचा दोष असंल तर खर्च माझा. माणसाचा असंल तर ही पोरगी आज घरी जाईल ती परत येणार न्हाई. समितीला मी तसा शब्द दिलाय. आन् उदगिरात दुसरं कोण ठेवून घेतंय तिला मग, बगूच."

सिंधु एक अक्षर बोलली नाही. मला तिचा राग आला. माणसावर आळ आला तर त्यानं निदान भांडावं तरी!

मी नांदेडचा. प्रिंटर दुरुस्त करतो, आणि माझ्याइतका चांगला या भागात दुसरा नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. स्वभाव चिडका. बसायला खुर्ची दिली तरी मी उभाच राहतो. त्यात तो उन्हाळा. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, उदगीरला टँकर मनात आलं तर येई, आणि टपरीवर पाण्याचा ग्लास मागितला तर टपरीवाला म्हणे, "चहाच घ्या की सायेब, त्यो परवडतो." सकाळपासून एसटीत भाजून आलेला मी, आणि इथं माझ्याकडून न्यायनिवाडा मागत होते.

२

आधी मी सगळे करतात तेच केलं. मशीन उघडलं, आत सांडलेली शाईची पूड झाडली, शाईचं डबडं हलवून पाहिलं, मग नवंच घातलं. छाप काढली. चाकूर नाही.

ज्यावरून छाप कागदावर उतरते तो ड्रम काढून उजेडात तपासला. त्यावर ओरखडा नाही, डाग नाही. परत छाप काढली. चाकूर नाही.

बाहेर येणाऱ्या कागदावर वाकून मी डोळे ताणून पाहत होतो, तेवढ्यात चष्मा धुरकट झाला. घाम असेल म्हणून शर्टानं पुसला आणि पुन्हा वाकलो. माझं डोकं तापलं होतं. गुरुजी मागं उभे राहून दर मिनिटाला घड्याळ बघत होते आणि मला मागं कोणी उभं राहिलेलं चालत नाही.

"साध्या कागदावर काय येतंय?" मी सिंधुला विचारलं.

"पुढच्या कपाटातल्या लहान कागदावर काय बी काढा, एकदम साफ येतंय," ती म्हणाली. "मोठा कागद मागच्या खोलीतून आणावा लागतो. त्याच्यावर परवा पत्रकं काढली, त्ये बी चांगली आली. ही बगा."

पत्रक मी पाहिलं. मधे मजकूर, चारी बाजूंनी रुंद कोरी जागा. खरंच साफ होतं. मी ते बाजूला ठेवलं, म्हणजे तिथंच उत्तर पडलं होतं आणि मी ते बाजूला ठेवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

यंत्र निर्दोष निघत चाललं तशी सिंधु दोषी ठरत चालली होती. म्हणून मी पाना खाली ठेवला आणि माणसांकडं वळलो.

३

पहिला ग्यानोबा. दुकानात कागद कापणं, गठ्ठे बांधणं, पोचवणं हे काम त्याचं. पन्नाशीचा गडी, तंबाखू मळत बोलणारा.

"मला काय इचारता? मी कागद आणून टाकतो, बस. मागच्या खोलीत तर महिना झाला, पाऊल टाकलं न्हाई. अव्वा, म्हंजे मालकीणबाई, जाऊ देईनात. गठ्ठे सिंधुच काढून आणती." मग त्यानं आवाज खाली आणला. "एक सांगू का? तिची पिशवी बगा. सकाळी येताना खांदा वाकतो इतकी जड. सांजच्याला जाताना हलकी."

"म्हणजे काहीतरी चोरते?"

"चोरणारा जड नेईल का हलकं? ही उलटं करून राहिली. काहीतरी आणून टाकती इथं. काय, त्ये देवाला ठाव."

ग्यानोबाच्या या बोलण्यानं मी चरकलो. उलट्या पावलांचा चोर मी अजून पाहिला नव्हता.

मग ईश्वरप्पा. त्यांच्याशी बोलताना दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा टँकरचा. गल्लीचं पाणी त्यांच्या हातानं वाटलं जाई. प्रत्येक घराला सारखं, स्वतःच्या घराला सर्वांत शेवटी. गल्लीत त्यांच्या नावानं कोणी बोट दाखवलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

"अप्पा, सिंधुनं कधी बेइमानी केली का?"

"आजपतूर न्हाई."

"मग?"

"मग काय? चाकूरची हाय ती. तिच्या गावात समितीच्या विरोधात सभा झाली, नवरा तिथं बसला होता म्हणं. किशनराव, मी गय करत न्हाई. माझ्या महादेवीचं पहिलं बाळंतपण हाय. पोरगी माहेरी यायची म्हणून रडून राहिली. मी सांगितलं, सासरी हुमनाबादलाच राहा. बाळंतिणीला, लेकराला पाणी किती लागतंय? माझ्या घरात एक घागर जास्त येणार न्हाई. जो लेकीला न्हाई म्हणाला, त्यो ऑपरेटरला सोडंल व्हय?"

हे सांगताना त्यांची नजर गल्ल्यावरून उठली नाही. मला तो माणूस आवडला, आणि त्याची भीतीही वाटली.

त्यांच्या बायकोनं, नीलम्मांनी, अर्धा कप चहा आणून दिला. घर दुकानाच्या वरच होतं. मी मागच्या खोलीचं नाव काढताच त्या लगबगीनं म्हणाल्या, "तिकडं नका जाऊ सायेब. विंचू निघालाय. लई अडगळ हाय."

"कागद बघायचेत, अव्वा."

"सिंधु आणून देती की. तिला म्हाईत हाय सगळं."

शेवटी सिंधु. मी सरळच विचारलं, "पिशवीत काय आणतेस?"

"डबा."

"डबा एवढा जड असतो?"

ती कीबोर्डकडं बघत राहिली. "सायेब, मी नकाशाला हात लावला न्हाई. एवढंच सांगती. बाकीचं मला इचारू नका."

निर्दोष माणूस असं बोलत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

४

चिडलो की माझं डोकं चालतं. मी गुरुजींना म्हणालो, "या इकडं. ज्याला दगा शोधायचाय त्यानं समोर उभं राहावं."

कॉम्प्युटरवर मी नकाशा डोक्यावर उभा केला, खालचं वर आणि डावं उजवीकडं. बाकी काही बदललं नाही. छाप काढली आणि कागद सुलटा धरला.

चाकूर लख्ख उमटलं होतं. गेलं होतं देगलूर.

"अरे!" गुरुजी ओरडले. "आता देगलूर बी गेलं?"

"देगलूर कुठं जातंय, गुरुजी! विचार करा. सिंधुनं नकाशात चाकूर पुसलं असतं तर नकाशा कसाही फिरवला तरी चाकूरच पुसट आलं असतं. इथं कागदाच्या एका कडेला जे येईल ते जातंय. चाकूर बिचारं त्या कडेला होतं, एवढाच त्याचा गुन्हा."

ईश्वरप्पा उठून जवळ आले. सिंधुनं पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हंजे मशीनचाच दोष," ईश्वरप्पा म्हणाले.

"थांबा." मी नकाशा पुन्हा सरळ केला, पण ट्रेमधला कागदाचा गठ्ठा काढून उलट्या तोंडानं घातला. छाप आली. नकाशा सरळ, आणि डाग पुन्हा देगलूरवर. मशीन तेच, नकाशा तोच, मी फक्त कागद फिरवला होता. डाग कागदाबरोबर फिरला.

छाप बघायला वाकलो तर चष्मा परत धुरकटला. या वेळी मी तो पुसला नाही. घामानं काच आतून ओली होते, ही बाहेरून झाली होती. मशीनच्या तोंडातून कागदाबरोबर वाफ येत होती. मी गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड लाटेसारखी वाकडी आणि हाताला गार लागली.

"कागद ओला आहे," मी म्हणालो. "ओलसर कागद शाईची पूड धरून ठेवत नाही. म्हणून फिकट येतं. परवाच्या पत्रकांना कडेला कोरी जागा होती, म्हणून कोणाला दिसलं नाही."

ग्यानोबा हसला. "सायेब, इथं घसा ओला करायला पाणी न्हाई, आन् कागद ओला?"

मलाही ते खुळचटच वाटलं. पण हात खोटं बोलत नव्हता.

गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी बोट सिंधुकडं रोखलं. "म्हंजे ओला केला! कागद आणतं कोण? भरतं कोण? गठ्ठ्याची कड भिजवली की चाकूर जातंय, हे हिला बरोबर ठाव होतं!"

तिला सोडवायला गेलो आणि आगीतून फुफाट्यात टाकलं. मी सिंधुकडं पाहिलं. 'ओला' हा शब्द ऐकताच तिनं एकदाच मागच्या दाराकडं पाहिलं होतं, आणि मग मान खाली घातली होती ती वर केलीच नाही.

मी कोणाला न विचारता मागच्या खोलीकडं निघालो.

५

खोलीत विंचू नव्हता. अंधार होता आणि एक वास होता, जो त्या उन्हाळ्यात मी विसरलो होतो. ओल्या मातीचा.

तोवर माझ्या मनाशी एक हिशेब झाला होता. कागदावर कोणी मुद्दाम पाणी शिंपडलं असतं तर ते वरच्या चार कागदांवर बसलं असतं. इथं गठ्ठ्याच्या तळापर्यंत एकच कड सारखी दमट होती. म्हणजे कोणी कागद भिजवला नव्हता. काहीतरी ओलं त्याला टेकून बरेच दिवस उभं होतं.

मी भिंतीकडचे गठ्ठे ओढले. मागं मडकी होती. जुनी, काळवंडलेली, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेली, गळ्यापर्यंत भरलेली. अंगावर घामासारखे थेंब. कागदाचे गठ्ठे त्यांना अगदी चिकटवून रचले होते.

"हात लावू नका!"

दारात नीलम्मा उभ्या होत्या.

"अव्वा, हे टँकरचं पाणी?"

"गल्लीच्या पाण्याला मी शिवलं न्हाई, शिवाची आण. माझ्या वाट्याचं हाय. दोन तांब्यात अंघोळ उरकती, लिंगपूजेला पळीभर घेती, उरलेलं इथं आणून ओतती." त्या मडक्याशेजारी खाली बसल्या. "महादेवी येतीय. परवा निघती. ह्यांना ठाव न्हाई. लेकीचं पहिलं बाळंतपण परक्याच्या दारात व्हावं, आन् आईनं इथं बसून पाणी वाटल्यालं बघावं? मला न्हाई जमायचं सायेब, काय बी म्हणा."

"तुमच्या एकटीच्या वाट्यातून एवढं साठणार नाही."

त्यांनी मडक्यावरचं फडकं सारखं केलं. "सिंधु आणती. तिच्या सासऱ्याच्या बोअरला बारीक धार हाय अजून. रोज बाटल्या भरून आणती, पिशवीत लपवून. मी मागितलं न्हवतं. तिचं बाळंतपण बी असंच माहेराबिगर झालंय, म्हणून तिला कळलं."

सकाळी जड, संध्याकाळी हलकी. ग्यानोबाची पिशवी मला उलगडली.

"पण मडक्यात कशाला? प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवलं असतं तर?"

"कॅन सगळे टँकरच्या रांगेत. एक कमी झाला तरी ह्यांना कळतंय. जुनी मडकी कोण बघतंय?"

"मडकं पाझरतं, अव्वा."

"ठाव हाय की! म्हणून तर गठ्ठे लावून ठेवले चारी अंगानं. हवा लागली न्हाई तर कमी पाझरतंय."

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. पाणी वाचवायला त्यांनी कागदाची भिंत रचली होती, आणि भिंत ते पाणी पीत होती.

"अव्वा, तुमच्या मडक्यानं चाकूर पुसलं. ह्याच कागदावर नकाशे छापले. त्यापायी बाहेर त्या पोरीला गद्दार म्हणतायत."

त्या उठून उभ्या राहिल्या. "तिला ठाव हाय?"

"मी कागद ओला आहे म्हणालो तेव्हा तिला कळलं. तिनं ह्या दाराकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती."

बाहेरून ईश्वरप्पांचा आवाज आला, मोठा आणि थंड.

"सिंधु, ऊठ. उद्यापासून यायचं न्हाई."

६

मी धावत बाहेर आलो. सिंधु पिशवीत डबा भरत होती. डोळे कोरडे होते. गुरुजी समाधानानं उपरणं झटकत होते.

आयुष्यात मी कधी कबूल केलं नाही की माझं काम चुकलं. त्या क्षणी ते खोटं बोलायला मी तयार झालो. म्हणालो, "अप्पा, थांबा. दोष मशीनचाच आहे, मीच मागच्या वेळी..."

"खोटं बोलू नका सायेब."

माझ्यामागून नीलम्मा आल्या. कडेवर मडकं होतं. भरलेलं, झिरपणारं. लुगड्याची एक बाजू ओली झाली होती. त्यांनी ते नकाशांच्या टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"कागद ह्या मडक्यानं भिजवला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आन् हे मी ठेवलंय. महादेवीसाठी. तुम्ही लेकीला नको म्हणालात, मी ये म्हणाले. काय बोलायचं ते मला बोला."

ईश्वरप्पांनी मडक्याच्या ओल्या अंगावरून बोट फिरवलं. गल्लीभर ज्यांनी थेंब थेंब मोजून वाटला, त्यांच्याच दुकानात भरलेलं मडकं!

गुरुजी मात्र ताबडतोब पुढं सरले. "वा! लोक रांगेत भांडून राहिले आन् इथं साठा? कुणाचं पाणी हे?"

"माझ्या अंघोळीचं," नीलम्मा म्हणाल्या. "आन् बाकीचं चाकूरचं. ह्या पोरीनं एसटीत उभं राहून आणलेलं. गुरुजी, तुमच्या नकाशातलं चाकूर कुणी पुसलं न्हाई. ते इथं ह्या मडक्यात हाय."

गुरुजींनी डागाळलेले नकाशे टेबलावरून बाजूला सारले.

मी ग्यानोबाला शेजारच्या दुकानातून कागदाचा नवा गठ्ठा आणायला पिटाळलं. गठ्ठा आला, मी भरला, आणि सवयीनं सिंधुकडं पाहिलं. तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसली आणि बटण दाबलं. चाकूर आलं. रेघ न रेघ, अक्षर न अक्षर. गुरुजींनी नकाशे घडी न पडू देता गोळा केले आणि खालमानेनं निघाले.

"गुरुजी, जाऊ नका," ईश्वरप्पा म्हणाले. "तुमच्यासमोर बोललो होतो, तुमच्यासमोरच मागं घेतो. सिंधु बेइमान न्हाई. मी चुकलो."

मग त्यांनी फोन काढला. हुमनाबादला लावला. घरातल्या कानडीत ते एवढंच म्हणाले, ये बाई, ये. आणि फोन नीलम्मांच्या हातात दिला.

मी अवजारं गोळा करत होतो. मला नांदेडची गाडी पकडायची होती आणि खरं तर तिथून हलायचंही नव्हतं. ईश्वरप्पा सिंधुच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. गल्ल्यावर बसलेला तो कडक माणूस एकदम म्हातारा दिसत होता.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले. "कागद ओला हाय म्हणताना तुला कळलं होतं. मी तुला हाकलून राहिलो होतो, तरी बोलली न्हाईस. का गं?"

"अव्वांना शब्द दिल्ता."

"आन् त्याच्या आधी? सकाळपासून मी इथंच बसलो होतो. एकदा म्हणायचं की, अप्पा, मी न्हाई केलं."

सिंधुनं त्यांच्याकडं पाहिलं. तिचे डोळे आता भरले होते.

"तुमी मला इचारलं कुठं, अप्पा? तुमी फकस्त माझं गाव बघितलं."